38 मिलिमीटर जातात कुठे?

6 मिलिमीटर जाडीची सरळ लाकडी पट्टी घ्या आणि तिची दोन्ही टोकं एकमेकांना भिडतील इतकी गोल करा. तयार झालेल्या कड्याचा बाहेरचा परीघ आतल्या परिघापेक्षा जवळजवळ 38 मिलिमीटरनी जास्त भरतो. कडं चाळणीएवढं असो की गाडीच्या चाकाएवढं, फरक तेवढाच राहतो, कारण तो फक्त जाडीवर ठरतो: जाडी गुणिले पायची दुप्पट. वाकवण्याआधी तर पट्टीच्या दोन्ही बाजू सारख्याच लांबीच्या होत्या. म्हणजे एक तर बाहेरची बाजू लांब झाली, नाहीतर आतली आखूड झाली, नाहीतर दोन्ही थोडंथोडं झालं. आणि यातलं काहीच जमलं नाही, तर पट्टी तुटली.

वाफेने लाकूड वाकवण्याची सगळी विद्या या हिशेबात आहे. बघणाऱ्याला वाटतं की वाफ खाल्लेलं लाकूड ताणलं जातं. प्रत्यक्षात वाफवलेलं चांगलं लाकूडही दीड-दोन टक्के ताणलं की फाटतं. कोरड्या लाकडाहून फार वेगळा आकडा नाही हा. तेच लाकूड लांबीच्या दिशेने दाबलं, तर 25-30 टक्क्यांपर्यंत आखूड व्हायला तयार होतं. म्हणजे वाफेने जी मुभा मिळते ती जवळजवळ सगळी आतल्या बाजूला मिळते. बाहेरची बाजू आधी होती तशीच हट्टी राहते. वाकवणाऱ्याने त्या बाजूवर कमीत कमी भार येईल असं बघायचं. बाकीच्या सगळ्या सूचना, या लेखातल्यासुद्धा, याच एका गोष्टीपाशी येतात.

असं का होतं? लाकडाच्या पेशींच्या भिंतीत मुख्यतः तीन घटक असतात: सेल्युलोजचे लांब धागे, हेमिसेल्युलोज आणि या सगळ्यांना धरून ठेवणारं लिग्निन. ताण सोसायचं काम धाग्यांचं. 100 अंशांच्या वाफेने ते काही सैल होत नाहीत. ओल्या लाकडातलं लिग्निन मात्र साधारण 80 ते 100 अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडतं. मग दाब आला की पेशींच्या भिंतींना अतिसूक्ष्म घड्या पडतात आणि आतली बाजू आखूड होते. लाकूड थंड झालं, सुकलं, की लिग्निन पुन्हा आवळतं आणि घड्या तशाच अडकून राहतात. कोरड्या लाकडात लिग्निन मऊ करायला याहून कितीतरी जास्त तापमान लागतं. म्हणून पाणी हवंच. वाफ दोन कामं करते: उष्णता आतपर्यंत नेते, आणि ती पोहोचेपर्यंत लाकूड सुकू देत नाही. पाण्यात मीठ, सोडा किंवा कपड्यांचं सॉफ्टनर घालायचे सल्ले सर्रास मिळतात. मीठ-सोडा वाफेबरोबर वर जात नाहीत, भांड्याच्या तळाशी बसतात. साधं पाणी पुरतं.

घरी काम करताना पहिला निर्णय जाडीचा. पट्टी मोकळी वाकवली आणि ताण-दाब निम्मानिम्मा वाटला गेला असं धरलं, तर बाहेरच्या बाजूला येणारा ताण म्हणजे जाडी भागिले कड्याचा मधला व्यास. आतला व्यास 360 मिमी आणि जाडी 6 मिमी घेतली, तर 6 भागिले 366, म्हणजे सुमारे 1.6 टक्के. हे अगदी काठावर आहे. उत्तम लाकूड निभावून नेईल, मध्यम लाकूड हमखास दगा देईल. 4 मिमी घेतली तर 1.1 टक्के, म्हणजे श्वास घ्यायला जागा. 8 मिमी घेतली तर 2.2 टक्के, तिथे मोकळ्या हाताने जाऊच नये. थोडक्यात, व्यास जाडीच्या 60 पटींहून कमी असेल तर मोकळं वाकवणं जुगार आहे, आणि 100 पटींच्या पुढे बरंच निर्धास्त.

त्याहून जाड लाकूड वाकवायचं, तर बाहेरून पोलादी पट्टा लावतात. पट्टा साधारण 1 ते 1.5 मिमी जाड, लाकडाएवढाच किंवा किंचित रुंद, आणि दोन्ही टोकांना पक्के ठोकळे. या दोन ठोकळ्यांच्या मध्ये लाकूड घट्ट बसवायचं. आता वाकवताना बाहेरची बाजू लांब होऊ पाहते, पण पोलाद तिला लांब होऊ देत नाही. ठोकळे लाकडाची टोकं आत रेटतात आणि सगळी भरपाई आतल्या बाजूला आखूड होऊन करावी लागते. 25 मिमी जाडीच्या, बीच झाडाच्या चांगल्या लाकडाला मोकळं वाकवायचं तर फूटभराहून मोठी त्रिज्या लागते. पट्टा लावला की तेच लाकूड दोन इंचांच्या आसपासच्या त्रिज्येत बसतं. एकोणिसाव्या शतकातला फर्निचर-कारागीर मिखाएल टोनेट याच्या खुर्च्या याच पट्ट्यावर उभ्या राहिल्या. आधी तो पातळ पट्ट्या सरसात शिजवून एकावर एक चिकटवून वाकवत असे, पण प्राणिज सरसाला दमट हवा सोसत नव्हती. मग अखंड लाकूड वाकवण्याकडे तो वळला. 1856 मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं आणि 1859 मध्ये 14 क्रमांकाची खुर्ची आली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. त्या खुर्चीची बैठक म्हणजे वाकवलेलं लाकडी कडंच.

तरीही घरच्या घरी पूर्ण गोल कड्यासाठी पट्ट्याच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धगोलासाठी तो उत्तम. पूर्ण गोल करताना मात्र दोन टोकांचे ठोकळे एकमेकांवर येऊन आदळतात, आणि नेमकं जिथे सांधा बसवायचा तिथे पट्टी बसत नाही. जाड कडं हवं असेल तर 4 मिमीची दोन कडी एकात एक बसवून चिकटवावीत आणि त्यांचे सांधे कड्याच्या विरुद्ध बाजूंना ठेवावेत. 8 मिमीचं अखंड कडं तुटण्यापेक्षा हे बरं. ताकदीतही ते कमी पडत नाही.

पुढे सगळीकडे हेच माप धरू: आतला व्यास 360 मिमी, जाडी 4 मिमी, रुंदी 70 मिमी.

आता लाकूड. वाफेला लोक नको इतकं महत्त्व देतात आणि फळी निवडताना घाई करतात. खरं तर फळी निवडली त्या क्षणीच काम जमणार की बिघडणार हे बरंचसं ठरलेलं असतं. ॲश, बीच, ओक, एल्म, हिकरी, अक्रोड ही वाकण्यासाठी नावाजलेली लाकडं. तुतीचं लाकूडही उत्तम; हॉकीच्या काठ्या आणि जुन्या लाकडी रॅकेटी उगाच तुतीच्या होत नव्हत्या. धामणीचा चिवटपणा धनुष्य आणि कावडीच्या दांड्या करणाऱ्यांना ठाऊकच आहे. देवदार-पाइनसारखी सूचिपर्णी लाकडं जाड असताना नीट दबत नाहीत, आतून लगेच चुरगळतात; पातळ पट्टी असेल तर चालतात. जपानमधल्या ओदातेचे मागेवाप्पा डबे सुगी या सूचिपर्णी लाकडाच्या पातळ पट्ट्यांचेच असतात, गरम पाण्यात मऊ करून वाकवलेले आणि चेरीच्या सालीने शिवलेले.

जातीपेक्षाही महत्त्वाची रेषा, म्हणजे लाकडातल्या धाग्यांची दिशा. लाकडाची रेषा पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हवी. ती पट्टीच्या पृष्ठभागातून बाहेर पडत असेल, तर वाकवताना बाहेरच्या बाजूला नेमकी तिथेच ढलपी उचलते आणि बघता बघता फाटत जाते. 15 मिमी लांबीत 1 मिमी एवढा कल ही शेवटची मर्यादा. पातळ पट्टीत 20 ला 1 च्या आतच राहावं. आणि कल दोन ठिकाणी तपासावा लागतो. पट्टीच्या रुंद बाजूवर दिसणारी रेषा सगळे बघतात. खरी फसवणूक होते ती कडेवर, 4 मिमीच्या अरुंद बाजूवर, कारण ढलपी उचलायची की नाही हे तिथला कल ठरवतो. शाईचा पातळ थेंब रंधलेल्या पृष्ठभागावर टाकला, तर तो रेषेच्या दिशेने ओघळतो. वाढीच्या वलयांपेक्षा हा पुरावा जास्त खरा. फळीच्या शेजारचाच तुकडा छिन्नीने उभा फोडून बघणं त्याहून पक्कं. फोड जशी जाईल तशी रेषा. जमत असेल तर ओंडका करवतीने कापण्याऐवजी फोडूनच पट्ट्या काढाव्यात. करवत सरळ जाते, रेषा जाईलच असं नाही. फोड मात्र रेषेबरोबरच जाते.

गाठ नको, हे सगळ्यांना माहीत असतं. टाचणीच्या डोक्याएवढी गाठही नको, हे सांगावं लागतं. तिच्याभोवती रेषा वळसा घेऊन जाते, आणि त्या वळशात कल असतोच. वलयं पट्टीला समांतर असावीत की काटकोनात, यावर कारागिरांमध्ये जुने वाद आहेत. रेषा सरळ असेल तर दोन्ही वाकतात. तो वाद फार मनावर घेऊ नये.

लाकूड किती ओलं असावं? 20 ते 25 टक्के ओलावा उत्तम. हवेवर मुरलेलं 15 टक्क्यांच्या आसपासचंही चालतं. भट्टीत सुकवलेलं, 8-10 टक्क्यांवर आणलेलं लाकूड टाळावं. ते पुन्हा भिजवता येतं, पण भट्टीतल्या उष्णतेने लिग्निन-हेमिसेल्युलोजच्या जाळ्यात झालेला बदल पाण्याने पुरता मागे फिरत नाही. फर्निचरसाठी विकत मिळणाऱ्या बहुतेक फळ्या भट्टीतल्याच असतात, आणि «वाफ दिली तरी तुटली» या तक्रारीचं मूळ बहुधा तिथेच असतं. उलट टोकही वाईट. ताज्या तोडीच्या, 30 टक्क्यांच्या वरच्या लाकडात पेशींच्या पोकळ्यांत पाणी भरलेलं असतं. आतली बाजू दबू लागली की त्या पाण्याला निघायला वाट मिळत नाही आणि ते पेशी फोडतं. आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. पातळ कड्यात हा धोका कमी, जाड लाकडात मोठा.

ओलावा मोजायचं यंत्र नसलं तरी अडत नाही. फळीच्या मधून एक काप घ्यावा, वजन करावं, 103 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवावा आणि पुन्हा वजन करावं. 60 ग्रॅमचा काप 50 ग्रॅमवर आला तर घटलेले 10 भागिले 50, म्हणजे 20 टक्के. भागायचं कोरड्या वजनाने, ओल्या नव्हे. आणि 4 मिमीची पट्टी रंधून ठेवली की काही दिवसांतच खोलीतल्या हवेइतकी कोरडी होते, हे विसरू नये. पट्ट्या काढून महिनाभर कोपऱ्यात उभ्या केल्या असतील, तर वाफेच्या आदल्या रात्री साध्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

पट्टी तयार करताना दोन गोष्टींत कसूर चालत नाही: सारखी जाडी आणि गुळगुळीत बाहेरची बाजू. ताठरपणा जाडीच्या घनावर चालतो. एखाद्या जागी जाडी 10 टक्क्यांनी कमी असेल, म्हणजे 4 ऐवजी 3.6 मिमी, तर तिथला ताठरपणा 27 टक्क्यांनी घटतो. वाकण्याचं काम मग त्या एकाच जागेवर ढकललं जातं, तिथे कोन पडतो आणि बहुधा तिथेच तडा जातो. म्हणून दर 100 मिमीवर कॅलिपर लावावा आणि फरक 0.1-0.2 मिमीच्या आत ठेवावा. रंध्याच्या किंवा करवतीच्या आडव्या खुणा बाहेरच्या बाजूवर राहू देऊ नयेत. प्रत्येक खूण ही तड्याची आयती सुरुवात असते. शेवटचा पॉलिश पेपर लांबीच्या दिशेनेच फिरवावा. चारही कडा पेपरने किंचित गोलवाव्यात. दोन बाजूंपैकी जी जास्त निर्दोष, ती बाहेर. पेन्सिलने आत्ताच «बाहेर» असं लिहून ठेवावं, वाफेच्या धांदलीत ते आठवत नाही.

लांबीचा हिशेब मधल्या व्यासावर: 364 गुणिले 3.1416, म्हणजे सुमारे 1144 मिमी. त्यात सांध्याचे 60 मिमी. शिवाय बाहेर येणाऱ्या टोकाला 100 मिमी जास्तीचे, कारण कोणत्याही पट्टीचं शेवटचं टोक वाकायला मागत नाही. त्याच्या पुढे जोर लावायला काही उरतच नाही. एकूण साधारण 1305 मिमी. आत जाणारं टोक वाफवण्याआधीच 60 मिमी लांबीत निमुळतं करून घ्यावं, कडेला जेमतेम अर्धा मिलिमीटर उरेल इतकं, आणि उतार बाहेरच्या बाजूवर. याचे दोन फायदे. पातळ झालेलं टोक सहज वळतं, त्यामुळे तिकडे जास्तीची लांबी लागत नाही. आणि दुसरं टोक त्याच्यावर येऊन बसतं तेव्हा पायरी पडत नाही. पायरी राहिली तर ती वरच्या थरावर कायमची उमटते.

वाफेची पेटी हा या कामातला सगळ्यात कमी महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त चर्चिला जाणारा भाग. बाहेरच्या वापराच्या 12 मिमी प्लायवूडची, आतून 1400 मिमी लांब आणि 120 बाय 120 मिमी अशी पेटी स्क्रूंनी जोडावी. वाफ मधोमध सोडावी, म्हणजे दोन्ही टोकं सारखी तापतात. तळापासून 30 मिमी उंचीवर दर 200 मिमीला लाकडी खुंट्या आडव्या घालाव्यात आणि पट्ट्या त्यांच्यावर उभ्या कडेने ठेवाव्यात, म्हणजे वाफ दोन्ही बाजूंनी लागते. लोखंडी सळया नकोत. ओक किंवा बाभळीसारख्या टॅनिनवाल्या (तुरट द्रव्य असलेल्या) लाकडावर ओलं लोखंड टेकलं की निळा-काळा डाग पडतो. पेटी एका बाजूला 20-30 मिमी कललेली असावी आणि खालच्या टोकाला 10 मिमीचं भोक असावं. निवळलेलं पाणी तिथून जातं, आणि दाबही तिथूनच सुटतो. हे भोक कधीही बुजवायचं नाही. इथे दाब नको असतो, फक्त तापमान हवं असतं. बंद पेटी जास्त चांगलं वाकवत नाही, फुटते मात्र. प्रेशर कुकरवरून नळी काढणाऱ्यांनी हे दुप्पट लक्षात ठेवावं: नळी मुडपली की कुकर बंद झाला. पीव्हीसीचा पाइप पेटी म्हणून वापरणंही टाळावं, तो 80 अंशांच्या आसपासच मऊ पडून लोंबतो.

पाण्याचा अंदाज सोपा आहे. एक लिटर उकळतं पाणी वाफेत न्यायला सुमारे 2.26 मेगाज्यूल लागतात. 2 किलोवॉटचा हीटर तासाला 7.2 मेगाज्यूल देतो, म्हणजे जास्तीत जास्त 3.2 लिटर. गळती धरून तासाला अडीच लिटर पाणी जाईल असं समजावं आणि भांड्यात चार लिटर असावं. मध्येच थंड पाणी ओतलं तर वाफ थांबते आणि तापमान पडतं.

थर्मामीटर पेटीच्या टोकाला लावावा, वाफेच्या तोंडाशी नव्हे. तो 98 वर गेल्यावरच घड्याळ सुरू करायचं. डोंगरमाथ्यावर राहणाऱ्यांना हा आकडा मिळणारच नाही. समुद्रसपाटीपासून दर 300 मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. 1500 मीटरवर 95 अंशांवर समाधान मानावं आणि वेळ थोडा वाढवावा. दर इंच जाडीला एक तास हा जुना नियम 4 मिमीला लावला तर दहा मिनिटंही भरत नाहीत. पातळ पट्टीला तो पुरा पडत नाही; 15 ते 20 मिनिटं द्यावीत. तासभर ठेवून जास्त मऊ होईल ही आशा खोटी आहे. जास्त वाफेने हेमिसेल्युलोज झिजतं, पट्टी ठिसूळ होते आणि सरळ, आखूड तुकडा मोडतो. पाच मिमीच्या आतल्या पट्टीला पेटीऐवजी उकळत्या पाण्याचा लांब हौद चालतो, फक्त लाकडाचा थोडा रंग पाण्यात उतरतो.

साचा 18 मिमी प्लायवूडच्या चार चकत्यांचा: 72 मिमी उंच, बाहेरचा व्यास 360 मिमी. मधलं लाकूड काढून टाकून 60-65 मिमीची कड ठेवावी, म्हणजे शिकंज्याचा (क्लॅम्पचा) जबडा आत पोहोचतो आणि साच्याच्या आतून हवाही खेळते. परिघावर गुण्याने (सुताराच्या काटकोनी मापाने) एक उभी रेघ आखावी. पट्टीचं टोक त्या रेघेला अचूक लागलं पाहिजे. अर्ध्या अंशाचा तिरकेपणा पूर्ण फेरीअखेर दहा मिलिमीटर होतो, आणि कड्याऐवजी मळसूत्र तयार होतं. साच्याखाली मोठी पाटी ठोकून पट्टीची खालची कड तिच्यावर टेकवत नेली, तर हा प्रश्न उरत नाही.

कोरडी तालीम न चुकता करावी. शिकंजे योग्य अंतरावर उघडून, हाताला येतील त्या क्रमाने मांडून ठेवलेले असावेत. दर 100 मिमीला एक धरला तर अकरा-बारा लागतात. प्रत्येकासोबत 20 मिमी जाडीची, पट्टीच्या रुंदीएवढी लाकडी दांडी हवी. रुंद पट्टी वाकवली की तिच्या दोन्ही कडा साच्यापासून बाहेर उचलतात, कारण आतली बाजू दाबाने रुंदावते आणि बाहेरची ताणाने अरुंद होते. दांडीविना शिकंजा मधोमध आवळला तर कडा उचललेल्याच राहतात आणि कडं पन्हाळीसारखं वाळतं.

मग तो अर्धा-पाऊण मिनिट. पेटीचं दार उघडताना तोंड बाजूला, हात खालून. वाफ कातडीवर निवळताना तीच उष्णता सोडते जी घेऊन ती निघाली होती, म्हणून ती उकळत्या पाण्याहून वाईट भाजते. चामड्याचे हातमोजे भिजले की भाजतात. रबरी मोज्यांत सुती अस्तर बरं. एका वेळी एकच पट्टी काढायची आणि दार लगेच लावायचं. निमुळतं टोक रेघेला लावून पहिला शिकंजा आवळावा, आणि तिथून एकसारख्या गतीने गुंडाळत जावं. थांबून विचार केला की थंड झालेल्या जागी तडा जातो, आणि झटका दिला की कुठेही जातो. एका हाताने पट्टी थोडी आपल्याकडे ओढून धरावी, दुसऱ्या तळहाताने वळणाच्या अगदी पुढे साच्यावर दाबत जावं. वाकणं साच्याला टेकलेल्या जागीच होत राहिलं पाहिजे. लांबच्या टोकाला धरून ओढलं तर पट्टी मध्येच हवेत वळते आणि तिथे कोन पडतो. दोघं असतील तर एकाने फक्त शिकंजे लावावेत. कुरकुर ऐकू आली तर घाबरू नये. ढलपीचा बारीक «चट्» आला तर मात्र ती जागा दांडी आणि शिकंज्याने लगेच दाबून पुढे जावं. अर्ध्या मिलिमीटरहून कमी खोल ढलपी वाळल्यावर इपॉक्सीने बसते. त्याहून खोल गेली तर पट्टी बाजूला ठेवून दुसरी घ्यावी. म्हणूनच हव्या असतील त्याच्या दीडपट पट्ट्या आधीच तयार ठेवतात.

साच्यावर एक दिवस ठेवल्यावर शिकंजे सोडले तर कडं जरा उघडतं. ते तसं होणारच. टोकं मोकळी राहणाऱ्या वळणात हे उघडणं मोठी डोकेदुखी असतं, साचा लहान करून त्याची भरपाई करावी लागते. बंद कड्यात सांधाच त्याला धरून ठेवतो. तरी एक गोष्ट सांभाळावी: वळण सगळीकडे सारखं नसेल, तर सांधल्यानंतर कडं अंडाकृती होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी साच्यावरून काढून, बाहेरून दोन-तीन ठिकाणी दोरीने आवळून, आत त्याच व्यासाची चौकट ठेवून ते सावलीत वाळवावं. उन्हात किंवा पंख्यासमोर बाहेरची बाजू आधी सुकते आणि बारीक चिरा पडतात. पाच ते सात दिवस पुरतात, पण खरी खूण वजनाची: दोन दिवस लागोपाठ वजन तेच भरलं की कडं वाळलं.

सांधा त्यानंतरच. बाहेरच्या टोकाचे जास्तीचे 100 मिमी कापावेत आणि त्याच्या आतल्या बाजूला तसाच 60 मिमीचा उतार द्यावा. 4 मिमीला 60 म्हणजे 15 पट. गोंदाच्या सांध्याला 10-12 पटही पुरते. ओलावा 12 टक्क्यांच्या वर असताना चिकटवलं तर गोंद पकडतो, पण पुढे लाकूड आक्रसताना सांध्याची कड उघडते. पाण्याला टिकणारा पीव्हीए (सुतारकामाचा पांढरा गोंद) किंवा इपॉक्सी, आतून-बाहेरून वक्र ठोकळे, मध्ये मेणकागद. गोंदावर विश्वास नसेल, तर तांब्याचे छोटे खिळे दोन ओळींत आलटून पालटून मारून आतून ऐरणीवर वळवावेत. अमेरिकेतल्या शेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी केलेल्या लंबगोल डब्यांना हेच खिळे असतात, आणि त्यांच्या सांध्याचं टोक लांब बोटांसारखं कापलेलं असतं. रुंद पट्टी हवेप्रमाणे फुगते-आक्रसते तेव्हा सरळ कडेला चीर जाण्याची भीती असते. बोटांमुळे ती हालचाल वाटली जाते. लोखंडी खिळा तेवढा नको. टॅनिनचे काळे डाग पडलेच असतील तर ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने जातात. ते विषारी आहे, मोजे घालूनच वापरावं आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावं.

वाकवलेल्या आणि वाळलेल्या लाकडाला पुन्हा वाफ लागली तर ते सरळ होऊ पाहतं. आतल्या घड्यांना धरून ठेवणारं लिग्निन परत मऊ पडतं आणि दबलेल्या पेशी उलगडतात. याचा फायदा असा की कोन पडलेलं किंवा वाकडं वाळलेलं, पण न तुटलेलं कडं सांधण्याआधी परत पेटीत घालून एकदा सुधारता येतं. तोटा असा की उकळत्या पाण्याशी किंवा सततच्या वाफेशी संबंध येणार असेल, तिथे असं कडं फक्त गोंदाच्या भरवशावर सोडू नये, खिळे हवेतच. इतर ठिकाणी दोन्ही बाजूंना आणि कडांनाही तेलाचे दोन हात पुरतात. फक्त बाहेरून लावलं तर आतली बाजू हवेतला ओलावा एकटी पिते, आणि गोलाई पुन्हा हलते.